कुणालाही सांगू नये

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती मला ठाऊक नाही. एवढ्यावरून हा गृहस्थ निवृत्तीनंतर अध्यात्माकडे वळला, असा समज कुणी करून घेऊ नये. मी जन्मभर सरकारी कोषागारात कारकुनी केलेला माणूस आहे. ज्या गोष्टीला व्हाउचर नाही, ती गोष्ट माझ्या लेखी घडलेलीच नसते. पण खरे ते सांगितले पाहिजे. माझ्या एटीएम कार्डाचा जो चार आकडी गुप्त क्रमांक आहे, तो तुम्ही विचारलात तर मी सांगणार नाही, हे तर झालेच; पण सांगायचे मनात आणले तरी मला तो सांगता येणार नाही. यंत्रापुढे उभा राहिलो की बोट आपले आपण निघते, पोस्टमनने ठरलेल्या चार घरी टपाल टाकून यावे तसे चार ठिकाणी टेकून परत येते, आणि यंत्र पैसे मोजायला लागते. या व्यवहारात माझा सहभाग फक्त चष्मा सांभाळण्यापुरता.

बरे, हे काही माझ्या एकट्याचे वैगुण्य नाही. पेटीवाल्याला मध्येच थांबवून 'आत्ता कुठली पट्टी दाबलीस?' असे विचारा. तो गाणे बुडवील पण उत्तर देऊ शकणार नाही. आमच्या कचेरीत एक टंकलेखक बाई होत्या. खिडकीबाहेर पावसाकडे बघत पत्रे टाइप करायच्या. त्यांना एकदा मी विचारले, "यंत्रावर 'ळ' कुठे असतो हो?" बाईंनी दोन्ही हात हवेत धरले, डोळे मिटले, बोटे थोडी हलवली आणि मग कुठे 'ळ' सापडला. ज्ञान डोक्यात असते ही आपल्याकडची समजूत बहुधा शाळामास्तरांनी पसरवलेली असावी.

आमच्या लहानपणी बटण म्हणजे सदऱ्याचे. ते तुटायचे आणि आई लावून द्यायची, एवढाच त्याचा आमच्याशी संबंध. दिव्याला बटण असे, पण ते दाबण्याचा अधिकार वडिलांचा. आता फोन घ्या, टीव्हीचा रिमोट घ्या, मुलाच्या फ्लॅटचे दार घ्या, सगळीकडे ती आकड्यांची चौकोनी पाटी. कीपॅड म्हणतात तिला. या पाटीवर पाचाच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा असतो. कितीतरी वर्षे मी तो कारखान्यातला गलथानपणा समजत होतो. एकदा तर नखाने खरवडून काढायचाही प्रयत्न केला. पुढे कळले की ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती खूण आहे. मधला पाच बोटाला लागला की बाकीचे त्याच्या अवतीभवतीने सापडतात. शरमलो. तेव्हापासून मी त्या टिंबाच्या वाटेला जात नाही.

पण अवतीभवतीचे सापडायला पाटी एकाच नकाशाची हवी ना! कचेरीत १९८० नंतर केव्हातरी आमच्या टेबलावर गणकयंत्र आले. त्याच्यावर सात-आठ-नऊ वरच्या ओळीत आणि एक-दोन-तीन तळाशी. ही रीत अमेरिकेतल्या संडस्ट्रँड बंधूंच्या बेरजेच्या यंत्रापासून, म्हणजे १९१४ च्या सुमारापासून चालत आलेली. माझे बोट या पाटीवर पिकले. मग घरी बटणांचा फोन आला. त्याच्यावर एक-दोन-तीन वर आणि सात-आठ-नऊ खाली! चार-पाच-सहा तेवढे दोन्हीकडे आपली जागा धरून. परिणाम असा झाला, की मी मेहुण्याला लावलेला फोन एका पिठाच्या गिरणीत लागू लागला. गिरणीवाला सज्जन होता. पुढेपुढे माझा आवाज ऐकल्याबरोबर तो "मेहुण्यांकडे सगळे बरे आहेत ना?" असे विचारायचा.

टेलिफोनवाल्यांनी हे आम्हा हिशेबनिसांना छळण्यासाठीच केले, असा माझा ठाम ग्रह होता. तसे नव्हते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत या बटणांवर रीतसर प्रयोग झाले. डायलसारखी गोल मांडून पाहिली, पाच-पाचच्या दोन ओळींत मांडून पाहिली, बेरजेच्या यंत्रासारखी उलटीही मांडून पाहिली. डाइनिंजर नावाच्या संशोधकाने १९६० साली हे सगळे छापून प्रसिद्ध केले. शेवटी १८ नोव्हेंबर १९६३ ला पेनसिल्व्हेनियातल्या दोन गावांत बटणांचा फोन सुरू झाला तो एक-दोन-तीन डोक्यावर घेऊनच. आपण वाचतो तसे, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. पुढे १९६८ मध्ये कॉनरॅड आणि हल या दोघांनी इंग्लंडात दोन्ही मांडण्या नवख्या माणसांच्या हाताखाली देऊन पाहिल्या, तर फोनच्या मांडणीत चुका कमी झाल्या. नवख्या माणसांच्या, हे लक्षात घ्या. ज्यांची बोटे पंचवीस वर्षे उलट्या पाटीवर झिजली होती, त्यांना कुणी बोलावले नव्हते.

एटीएमवाल्यांनी फोनची मांडणी उचलली. बँकेतल्या बाईंच्या कळफलकावर मात्र बेरजेच्या यंत्राची. म्हणजे काउंटरच्या पलीकडे सात वर आणि अलीकडे एक वर. बँक आणि गिऱ्हाईक यांचे पटत नाही, याचे मूळ इथे कुठेतरी असावे.

असो. मला सांगायचे आहे ते पाटीबद्दल नाही, पाटीमागच्या कुलपाबद्दल.

जुन्या डायलच्या फोनला लोक एक चिमुकले कुलूप लावीत, हे पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल. आमच्या वाड्यात फोन एकच, मालकांचा, आणि त्याला हे कुलूप. किल्ली मालकांच्या जानव्याला. वाड्यातल्या एका पोराने शोध लावला, की रिसीव्हर ठेवायची खुंटी तालात टकटक दाबली की कुलूप न उघडता नंबर लागतो. (शास्त्र बिनचूक होते. डायलसुद्धा मागे फिरताना लाइन तेवढ्याच वेळा तोडून जोडत असे.) मालकांना हे कळले बिल आल्यावर. त्यांनी पोराला मारले नाही. सगळा फोनच एका लाकडी पेटीत घातला आणि पेटीला चांगले पाच लिव्हरचे कुलूप लावले. बटणांच्या जमान्यात ही लोखंडी कुलपे गेली. आता किल्ली जानव्याला नसते, डोक्यात असते. माझ्या बाबतीत बोटात.

बँकेने मला पहिल्यांदा कार्ड दिले, तेव्हा हा क्रमांक एका वेगळ्या बंद पाकिटातून आला. सोबत सूचना: कुणालाही सांगू नये, कुठेही लिहू नये, पाठ करून कागद नष्ट करावा. मला एकदम माझी मुंज आठवली. डोक्यावरून उपरणे घेऊन वडिलांनी कानात गायत्री सांगितली होती आणि तेही हेच म्हणाले होते, कुणाला सांगायचं नाही. (तो मंत्र पुढे कॅसेटवर निघाला आणि आता आमच्या शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटीत वाजतो, ते सोडा.) मी रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात जाऊन तो कागद गॅसवर जाळला. आतून हिने विचारले, "काय जळतंय हो?" मी म्हणालो, "काही नाही." आमच्या संसारातले ते काही पहिले खोटे नव्हे; पण चार आकडी पहिलेच.

हे चारच आकडे का, याची एक हकीकत आहे. लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेज बँकेच्या भिंतीत २७ जून १९६७ ला पैसे देणारे यंत्र बसले, ते जॉन शेफर्ड-बॅरन यांच्या कल्पनेतले. गृहस्थ जन्माने आपल्या शिलाँगचे, १९२५ सालचे. गुप्त क्रमांकाचे श्रेय कुणाचे यावर वाद आहे. स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांनी १९६६ सालीच तशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण शेफर्ड-बॅरन यांनी स्वतः सांगितले ते असे, की त्यांच्या मनात सहा आकडे होते, कारण लष्करातला सहा आकडी क्रमांक त्यांना पाठ होता. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्यांनी बायकोला विचारले. ती म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. झाले! दुनियाभरची माणसे आज चार बटणे दाबून पैसे काढतात ती एका बाईच्या स्वयंपाकघरातल्या एका वाक्यामुळे.

चार आकडे म्हणजे दहा हजार जागा. एवढ्या मोकळ्या मैदानात माणसे बसतात कुठे? निक बेरी यांनी २०१२ साली चव्हाट्यावर आलेले लाखो चार आकडी पासवर्ड तपासले, तर शंभरात जवळजवळ अकरांनी एक-दोन-तीन-चार ठेवलेला. दोन-पाच-आठ-शून्य हाही लोकांचा लाडका निघाला. का, तर फोनच्या पाटीवर मधल्या रांगेत वरून खाली बोट ओढले की काम झाले. कुणालाही सांगू नये असे गुपित, आणि ते आधीच इतक्यांना ठाऊक.

तर मुद्दा असा, की ज्या आकड्याची लांबी एका बायकोला विचारून ठरली, तो आकडा मी माझ्या बायकोला सांगितलेला नव्हता. भांडण नव्हते. संशय तर मुळीच नव्हता. बँकेने 'कुणालाही' असे लिहिले होते आणि बायको 'कुणालाही'मध्ये मोडते की नाही, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नाही. नोकरीतही हीच सवय. कोषागाराच्या तिजोरीला दोन कुलपे असतात, दोन किल्ल्या दोघांकडे. दोघे आल्याशिवाय दार उघडत नाही. सरकारचा आमच्यापैकी एकावर विश्वास नसे, दोघांवर मिळून असे. हे मला जन्मभर अतिशय सभ्य वाटत आले.

आणि मग ती म्हातारी भेटली.

एस.टी. स्टँडजवळच्या एटीएममध्ये महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ही गर्दी असते. मी माझे पैसे काढले, दोनदा मोजले, खिशात घालून वळतो तो मागून आवाज आला, "आवं सायेब, एवडं माजं बी काडून द्या की."

सत्तरी ओलांडलेली बाई. हिरवे लुगडे, कपाळ मोकळे, आवाज शेतात हाक मारावी तसा. रांगेत दोन तरणी पोरे होती, एक पँट-शर्टातला गृहस्थ होता. त्यांना ओलांडून ती माझ्याकडे आली. पदराची गाठ सोडली, तिच्यातून कार्ड काढले, कार्डाला गुंडाळलेली चिठ्ठी काढली आणि दोन्ही माझ्या हातावर ठेवली. चिठ्ठीवर नातवाच्या अक्षरात चार आकडे. श्रावणबाळ योजनेचे पैसे आले होते, त्यातले हजार हवे होते.

मी कोषागारी आवाजात म्हणालो, "आजी, ही चिठ्ठी अशी कुणाच्याही हातात द्यायची नसते."

"कुनाच्या हातात कुटं दिली?" ती म्हणाली. "तुमच्याच हातात दिली न्हवं."

याला काय उत्तर देणार? मी कार्ड घातले, आकडे दाबले. इथे माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या खात्यात हिशेब ताडून बघताना एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने खूण करायची अशी पद्धत. त्या सवयीने मी चिठ्ठीवरचे चार आकडे पुटपुटलो. नोटा आल्या, पाचशेच्या दोन. तिला शंभराच्या हव्या होत्या, ते यंत्राच्या हातात होते, माझ्या नव्हते. नोटा, कार्ड, चिठ्ठी सगळे पुन्हा पदरात गेले. न राहवून मी विचारले, "आजी, एवढ्या माणसांत माझ्याकडेच कशा आलात?"

"तुमी सोताचं पैसं दोनदा मोजलं," ती म्हणाली. "यंत्रानं दिल्यालं बी दोनदा मोजतोय, म्हंजी मानूस हिशोबी."

ती गेली. तिचा आकडा गेला नाही.

स्वतःचा आकडा मला आठवत नाही आणि त्या बाईचा विसरता येत नाही, अशी माझी अवस्था झाली. दाढी करताना तो आठवे. देवपूजा करताना आठवे. बागेत फिरताना पावले त्या चार आकड्यांच्या ठेक्यावर पडू लागली. विसरायचा प्रयत्न करावा तर आधी आठवावा लागे. आणि आठवला की त्याच्या मागोमाग एक विचार येई: समजा, त्या दिवशी ती कार्ड माझ्या हातात विसरून गेली असती तर? अर्थात मी ते परत केले असते. अर्थातच! पण हे 'अर्थातच' मी इतक्या घाईने का म्हणतो? जन्मभर मी दुसऱ्या किल्लीच्या देखत प्रामाणिक राहिलो. एकट्याने, कुणाला कळणार नाही अशा जागी, हातात कार्ड आणि डोक्यात आकडा असताना आपण कोण असतो, याची परीक्षा आमच्या खात्याने कधी घेतलीच नाही. पेपरच न दिलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्गाचे पेढे वाटावेत, तसे हे चालले होते.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. (तेच, घंटीतल्या गायत्रीवाले.) त्यांच्यापुढे मी हा प्रश्न ठेवला. ते म्हणाले, "तुम्ही उगाच भारावून जाताय. त्या बाईनं तुमच्यावर विश्वास टाकलेला नाही, नाइलाज टाकलाय. वाचता येत नाही, बटणं कळत नाहीत, पोटाला पैसे हवेत. उद्या एखादा भामटा उभा असेल तर त्याच्या हातावरही ठेवील. असे भामटे कार्ड बदलून देतात, रोज पेपरात येतं. याला विश्वास म्हणायचं आणि त्याचं कौतुक करायचं, हे पोटभरल्या माणसाचं काम आहे."

मुख्याध्यापकांचे बोलणे झोंबले, कारण त्यात तथ्य होते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आठवले, की तिने रांगेतली तीन माणसे ओलांडली होती. मला पैसे मोजताना पाहिले होते, पारखले होते. सूचना वाचून विश्वास ठेवायचा नाही असे मी ठरवले. तिने माणूस वाचून ठेवायचा असे ठरवले. नाइलाज होताच, पण तिने तोही निवडून टाकला होता. तिची परीक्षा चुकू शकते, हेही खरे. बँकेची सूचना चुकत नाही. ती कुणालाच पास करत नाही, मग चुकेल कशी?

हे सगळे तात्त्विक पातळीवर राहिले असते, तर मी हा लेख लिहिला नसता. पण भाचीच्या लग्नासाठी आम्ही साडी घ्यायला गेलो. दुकानात दोन तास गेले, साडी ठरली, मी ऐटीत कार्ड काढले. दुकानदाराच्या पोराने यंत्र पुढे केले. त्याला बटणेच नव्हती! नुसती गुळगुळीत काच, आणि काचेवर आकडे वाट्टेल तसे पसरलेले; सात कोपऱ्यात, शून्य मध्ये, एक भलतीकडेच. पोरगा म्हणाला, "आकडे दर वेळेला जागा बदलतात काका. कुणी बोट बघून नंबर ओळखू नये म्हणून." सुरक्षिततेचा कडेलोट! बोट ओळखीच्या चार घरी गेले तर प्रत्येक घरात दुसरेच बिऱ्हाड. मी डोक्याला विचारले, तर डोक्यात त्या क्षणी एकच आकडा लख्ख उभा होता. म्हातारीचा.

आणि मी तो दाबला. काय सांगू, घामाघूम झालेल्या माणसाला जे सुचते ते तो करतो. यंत्र म्हणाले, चूक. मी पुन्हा तोच दाबला, जास्त जोरात. यंत्र पुन्हा म्हणाले, चूक.

"आता तिसरी चूक करू नका," ही शांतपणे म्हणाली. "कार्ड बंद पडेल." मग तिने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून रबर लावलेली नोटांची गुंडाळी काढली आणि बिल भागवले. दुकानाबाहेर आल्यावर एवढेच विचारले, "नंबर विसरलात का?"

"बोट विसरलं," मी म्हणालो.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी मनाचा हिय्या केला. म्हटले, "अगं, कार्डाचा नंबर तुला सांगून ठेवावा म्हणतो."

"तुम्हाला तरी आठवतोय का?"

हा मुद्दा रास्त होता. मी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर फोनसारखी आकड्यांची पाटी काढली, डोळे मिटले आणि टंकलेखक बाईंसारखे बोट सोडून दिले. बोट गेले. चार घरी टेकून आले. मी ते आकडे खाली लिहिले आणि कित्येक वर्षांनी माझ्या स्वतःच्या गुपिताचे दर्शन घेतले. साधाच आकडा होता. मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो न बघता पालथा केला.

"मला नको."

"का?"

"एकदा कळलं की जन्मभर सांभाळायचं ओझं. शिवाय खात्यात पन्नास रुपये कमी दिसले, तर तुम्ही पासबुकाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघाल."

"मी?"

"तुम्ही कोषागारातले."

"आणि उद्या मला काही झालं तर?"

"दाखला घेऊन बँकेत जाईन. वारस म्हणून नाव माझंच लावलंय ना? तेवढं पासबुकावर बघून ठेवलंय मी." मग जरा थांबून म्हणाली, "माझा पैशांचा डबा कुठं असतो, ठाऊक आहे तुम्हाला?"

"हरभऱ्याच्या डाळीच्या मागं."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"कुलूप होतं कधी?"

"नाही."

"कधी हात लावलात?"

इथे मी खोटे बोलू शकलो असतो. पण कागद पालथा पडलेला होता, आणि दिवसभराने मी थकलो होतो. म्हणालो, "एकदा. अठ्ठ्याऐंशी साली. वीस रुपये घेतले होते, पगार झाल्यावर परत ठेवले."

"पंधरा ठेवले होतेत," ती म्हणाली आणि ताटे आवरायला उठली.

त्या कागदाचे तिने काय केले, मी विचारले नाही. जळाल्याचा वास मात्र आला नाही.

पुढच्या महिन्यात पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम त्याच एटीएममध्ये गेलो. पैसे काढायचे नव्हते, हे आता कबूल करायला हरकत नाही. म्हातारी आली. रांगेकडे नजर टाकली आणि सरळ माझ्याकडे. पदर सोडला, कार्ड काढले, हातावर ठेवले. चिठ्ठी नव्हती.

मी शहाणपणा केला. तिचा आकडा आपल्या लक्षात आहे हे कळले तर तिला वाईट वाटेल, भीती वाटेल, म्हणून विचारले, "आजी, नंबर काय?"

तिचा चेहरा पडला. "आता गं बया! इसारला व्हय?"

"म्हणजे... चिठ्ठी कुठं आहे?"

"चिट्टी गेली धुन्यात. म्या म्हनलं जाऊ दे, सायेबास्नी ठावं हाय." ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी तिची गाय विकून आलो आहे. "आन् नातू तिकडं म्हमईला. आता कुनाला इचारू? मला कुटं ठावं हाय त्यो आकडा!"

मागे सातआठ माणसे उभी होती. मुख्याध्यापकही होते, पेन्शन काढायला आलेले. मी तिच्याजवळ वाकलो, हाताचा आडोसा केला आणि वडिलांनी मला सांगितले होते तसे हळूच तिच्या कानात ते चार आकडे सांगितले.

"मोट्यानं सांगा की वो," ती म्हणाली. "मला ऐकू येत न्हाई."